इंग्रजी ‘रन’, तुर्की क्रियापदं : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात आम्ही इंग्रजीतल्या रोजच्या क्रियापदांबद्दल प्रश्न मागवले होते. तुर्कीसंबंधी आलेली बहुतेक पत्रं ‘रन’ या एकाच क्रियापदाशी अडलेली निघाली. कुपवाडचे कारखाने, तासगावच्या बेदाणा पेढ्या, मिरजेची रुग्णालयं, विट्याचे यंत्रमाग, सगळीकडे अडचण तीच. म्हणून या वेळची सगळी जागा ‘रन’ला दिली आहे.

आधी उच्चारांबद्दल थोडं. तुर्की भाषा १९२८ पासून रोमन लिपीत लिहितात. अक्षरं २९, त्यांत स्वर आठ. इथे सगळे शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यातला ‘च’ चहातला आहे, चमच्यातला नव्हे; ‘ज’ जन्मातला आहे, जहाजातला नव्हे. ‘झ’ लिहिलं आहे तिथे मात्र जहाजातल्या ‘ज’च्या जवळचा उच्चार करावा. तुर्कीत ‘आय’ हे अक्षर दोन प्रकारचं असतं. ठिपक्याचा आय म्हणजे ‘इ’ आणि बिनठिपक्याचा म्हणजे जवळजवळ आपला ‘अ’. हा दुसरा शब्दाच्या शेवटी आला तर पुढे ‘ऽ’ लावला आहे, म्हणजे तो गिळला जाणार नाही. राहिले दोन ‘उ’ आणि दोन ‘ओ’. क्रियापद ‘माक’ने संपत असेल तर त्याच्या लगतचा ‘उ’ किंवा ‘ओ’ आपल्यासारखाच. ‘मेक’ने संपत असेल तर ओठ ‘उ’चे किंवा ‘ओ’चे ठेवून जीभ ‘इ’ किंवा ‘ए’साठी आणतो तशी पुढे आणावी. शेवटचं ‘माक’ की ‘मेक’ हे आधीच्या स्वरावरूनच ठरतं, त्यामुळे ही खूण भरवशाची आहे.

प्रश्न : इंग्रजी–तुर्की कोशात ‘रन’समोर पहिला शब्द ‘कोश्माक’ आहे. ‘मशीन चालू आहे’ यासाठी मी ‘माकिने कोशुयोर’ लिहिलं, तर शिकवणाऱ्यांनी ते खोडलं. का? (विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : ‘कोश्माक’ला पाय लागतात. ‘चोजुक कोशुयोर’ म्हणजे मूल पळतंय, हे बरोबर. घोडा, कुत्रा, मैदानावरचा धावपटू, सुटलेल्या बसमागे लागलेला प्रवासी, या सगळ्यांना ‘कोश्माक’ चालतं. यंत्राला ‘चालश्माक’ हवं : ‘माकिने चालशयोर’. हेच क्रियापद माणसाच्या कामालाही लागतं आणि विद्यार्थ्याच्या अभ्यासालाही. ‘देर्स चालशयोरुम’ म्हणजे ‘मी अभ्यास करतेय’.

‘रन’चे अर्थ मोजायला बसलेल्या ऑक्सफर्डच्या कोशकारांचा आकडा ६४५पर्यंत गेला होता. त्यातले फार थोडे ‘कोश्माक’च्या वाट्याला येतात. पण मराठी माणसानं एवढ्यानं धास्तावू नये, कारण ‘रन’ची ही मोळी मराठीतही सुटतेच. मूल पळतं, नाक वाहतं, साखर संपते, विहीर आटते, दुकान कुणीतरी चालवतं. म्हणून इंग्रजी वाक्य आधी मनात मराठी करावं आणि मग तुर्कीकडे वळावं. मराठीत जिथे क्रियापद बदलतं, तिथे तुर्कीतही बहुधा बदलतं. नाक वाहतं किंवा नदी वाहते, तेव्हा ‘आक्माक’ : ‘बुरुन आकयोर’. विहीर आटली, तेव्हा ‘कुयु कुरुदु’. दुकान चालवतो, तेव्हा ‘दुक्क्यान इश्लेतियोर’. यातला ‘दुक्क्यान’ म्हणजे आपलं दुकानच.

साखरेचं वाक्य जरा थांबून पाहण्यासारखं आहे. इंग्रजीत ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’ म्हणताना कर्ता ‘आम्ही’ असतो. मराठीत आपण ‘आम्ही साखर संपलो’ म्हणत नाही. साखर संपते. तुर्कीतही अगदी तसंच : ‘शेकेर बित्ती’. इंग्रजीवरून माशीवर माशी मारत गेलं की तुर्की वाक्यात नको तो ‘आम्ही’ घुसतो आणि सगळं वाक्य वाकडं होतं. वाक्यरचनेतही तुर्की आपल्याच अंगानं जाते. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी. विभक्ती शब्दाच्या मागे लागते. ‘पळत पळत आला’ याला तुर्कीत ‘कोशा कोशा गेल्दी’ म्हणतात, द्विरुक्तीसकट.

मात्र मराठीची वाट दोन ठिकाणी फसवते. पहिलं ठिकाण ‘पळणे’. मूल पळतं आणि चोरही पळतो, पण तुर्कीत मूल ‘कोशुयोर’ आणि चोर ‘काचयोर’. निसटून, सुटून जाणं असेल तिथे ‘काच्माक’. इंग्रजीत पायमोज्याचा धागा सुटला की तोही ‘रन’ होतो. त्यालाही तुर्कीत ‘काच्माक’च म्हणतात : ‘चोराबम काच्तऽ’. दुसरं ठिकाण ‘चालणे’. माणूस पायी चालतो तेव्हा ‘युरुमेक’, यंत्र चालतं तेव्हा ‘चालश्माक’, आणि ‘ही नोट चालेल का?’ असं विचारायचं असेल तर ‘गेच्मेक’ : ‘बु पारा गेचेर मि?’

आणखी एक खड्डा खास मराठी कानांसाठी आहे. तुर्कीत ‘चाल्माक’ हेही एक क्रियापद आहे. ऐकताना ते आपल्या ‘चालणे’सारखं वाटतं, पण दोघांचा काही संबंध नाही. ‘चाल्माक’ म्हणजे चोरणं, आणि वाद्य किंवा घंटा वाजवणं. ‘मी मशीन चालवलं’ म्हणायच्या ऐवजी ‘माकिनेयि चाल्दम’ म्हटलं तर ‘मी मशीन चोरलं’ असा अर्थ होतो. बरोबर रूप ‘माकिनेयि चालश्तर्दम’. मधला ‘श’ गाळला की सगळा घोटाळा.

‘कोश्माक’ शिकताना त्याचे दोन वेगळे उपयोगही लक्षात ठेवा. बैल नांगराला किंवा घोडा गाडीला जुंपणं यालाही ‘कोश्माक’ म्हणतात. आणि ‘शार्त कोश्माक’ म्हणजे अट घालणं; ‘शार्त’ ही आपली शर्त. या दोन्हींत पळण्याचा काही भाग नाही.

प्रश्न : पंपाच्या माहितीपत्रकाचं तुर्की भाषांतर करून घेतलं. ‘डू नॉट रन द पंप ड्राय’ आणि ‘रन द केबल थ्रू अ पाइप’ या दोन वाक्यांत भाषांतरकारानं ‘रन’साठी वेगवेगळी क्रियापदं वापरली आहेत. पत्रकात एकसूत्रता नको का? शिवाय पॅनेलवरच्या ‘रन’ला काय छापावं? (कुपवाड औद्योगिक वसाहत)

उत्तर : इथे एकच क्रियापद वापरलं असतं तर काळजी करण्यासारखं होतं. पंप चालवतात आणि केबल ओढतात. आपला वायरमनही ‘केबल ओढली’ असंच म्हणतो. तुर्कीतही वायरिंग करण्याला ‘काब्लो चेक्मेक’ म्हणतात, आणि ‘चेक्मेक’ म्हणजे ओढणं. तुमच्या वाक्यात ‘पाइपमधून’ असं स्पष्ट आहे, त्यामुळे तिथे ‘गेचिर्मेक’, म्हणजे आतून पलीकडे काढणं, जास्त नेमकं बसेल : ‘काब्लोयु बोरुदान गेचिरिन’. बोर्डापासून मोटरपर्यंत केबल नेण्याचा उल्लेख असेल तिथे ‘चेक्मेक’ राहू द्या.

पहिलं वाक्य सुरक्षेचं आहे, म्हणून ते शब्द शब्द तपासून घ्या. पंपात पाणी नसताना मोटर सुरू केली तर मेकॅनिकल सीलला (फिरत्या दांड्यापाशी पाणी अडवणाऱ्या भागाला) थंड ठेवणारं पाणीच मिळत नाही. सीलचे घासणारे पृष्ठभाग तापतात, चिरतात आणि गळती सुरू होते. म्हणजे इथल्या ‘ड्राय’चा अर्थ ‘आत पाणी नसताना’ असा आहे. भाषांतराच्या यंत्रानं त्याचा अर्थ ‘कोरडं करणं’ असा घेतला तर ‘कुरुत्मायन’ येईल, म्हणजे ‘पंप वाळवू नका’. शेतकऱ्याला त्यातून काहीच बोध होणार नाही. ‘पोम्पायऽ सुसुझ चालश्तर्मायन’ हे योग्य. ‘सु’ म्हणजे पाणी, ‘सुझ’ म्हणजे विना. ‘कुरु चालश्मा’ म्हणजे कोरडं चालणं हा शब्दप्रयोगही पंपांच्या तांत्रिक लिखाणात असतो, पण वापरणाऱ्यासाठी ‘सुसुझ’ लगेच कळतं. शेवटी ‘मायन’ऐवजी ‘मायनझ’ लावलं की आज्ञा अधिक औपचारिक होते. दोन्ही चालतात. पण पत्रकभर एकच धरा. एकसूत्रता हवी ती इथे.

तुमच्या मसुद्यात ‘चालश्तरल्मामालदर’ असा लांबलचक शब्द आहे आणि तो छपाईची चूक आहे का, असं तुम्ही विचारलं आहे. चूक नाही. तो सुटा करून पाहा. ‘चालश’ म्हणजे चालणं. त्याला ‘तर’ लागला की चालवणं. त्यापुढे ‘अल’ लागला की चालवलं जाणं. मग ‘मा’ हा नकार, ‘मालऽ’ म्हणजे पाहिजे, आणि ‘दर’ हा लेखी, ठाम विधानाचा शेवट. एकूण अर्थ ‘चालवला जाऊ नये’. आपण ‘चालव’ला ‘ला’ आणि ‘जाऊ नये’ जोडतो, ते तुर्की एका दोरात ओवते. हमीपत्रातल्या अटींत हा शब्द शोभतो. पंपावर चिकटवायच्या पट्टीवर नको. तिथे ‘सुसुझ चालश्तर्मायन’ एवढंच पुरे. मात्र टाइप करताना ‘मा’ राहून गेलं, तर ‘चालवलाच पाहिजे’ असा उलटा अर्थ होतो. शेवटच्या प्रुफात त्या एका अवयवावर बोट ठेवून वाचा.

आता पॅनेल. इंग्रजीत बटणावरही ‘रन’ आणि दिव्यावरही ‘रन’ असतं. तुर्कीत दोन्हींसाठी एकच शब्द छापू नका. बटण ही आज्ञा आहे, म्हणून ‘चालश्तर’, म्हणजे चालू कर. दिवा स्थिती दाखवतो, म्हणून ‘चालशयोर’, म्हणजे चालू आहे. बंद करण्याच्या बटणावर ‘दुर्दुर’. नुसतं ‘दुर’ म्हणजे ‘थांब’, ते माणसाला उद्देशून होतं.

पॅनेलवर अक्षरं मोठी छापतात आणि तिथेच ठिपक्याचा घोळ होतो. तुर्कीत ठिपक्याच्या आयचं मोठं अक्षरही ठिपक्यासकट असतं आणि बिनठिपक्याचं ठिपक्याशिवाय. ‘चालश्तर’मधले दोन्ही आय बिनठिपक्याचे आहेत, म्हणून मोठ्या अक्षरांतही ठिपका येता कामा नये. ‘संपलं’ या अर्थाच्या ‘बित्ती’त मात्र दोन्हींवर ठिपका हवाच. संगणकाला ‘सगळी अक्षरं मोठी कर’ असं सांगितलं आणि मजकुराची भाषा इंग्रजी ठेवलेली असली, तर तो सगळे ठिपके उडवतो. आधी मजकुराची भाषा तुर्की करून घ्या. छापखान्यात देताना फाँटमध्ये ही अक्षरं आहेत का, ते एका ओळीत छापून बघा : शेपटीचा सी, शेपटीचा एस, डोक्यावर चंद्रकोर असलेला जी, बिनठिपक्याचा छोटा आय, ठिपक्याचा मोठा आय, दोन ठिपक्यांचे ओ आणि यू. यातलं एक जरी अक्षर चौकोन होऊन आलं किंवा वेगळ्या जाडीचं दिसलं, तर फाँट बदला.

आणखी दोन बारीक गोष्टी. नवं इंजिन सुरुवातीला सांभाळून चालवणं, म्हणजे ‘रनिंग इन’, याला तुर्कीत ‘रोदाज’ म्हणतात. हा फ्रेंचमधून आलेला शब्द आहे. आणि ‘ड्राय रन’ हे नाम आलं तर त्याचा पाण्याशी संबंध नसतो. ती रंगीत तालीम किंवा चाचणी, तुर्कीत ‘देनेमे’.

प्रश्न : ऑगस्टपासून तुर्कस्तानातल्या इझ्मिरच्या बेदाणा बाजाराच्या तुर्की बातम्या मोबाइलवर भाषांतर करून वाचतो. त्यात ‘किमती उंच पाहत आहेत’ असलं काहीतरी येतं. मूळ काय असावं? तिकडच्या एका व्यापाऱ्याला ‘स्टॉक रनिंग लो’ आणि ‘स्टॉक रन आउट’ हा फरकही कळवायचा आहे. (बेदाणा व्यापारी, तासगाव)

उत्तर : मूळ वाक्य ‘फियात्लार युक्सेक सेयरेदियोर’ असणार. ‘सेयरेत्मेक’चे दोन अर्थ आहेत. रोजच्या बोलण्यात ‘पाहणं’ (चित्रपट, सामना), आणि बाजार, हवामान, आजार यांच्या संदर्भात ‘अमुक मार्गानं, अमुक पातळीवर जात राहणं’. आपल्या ‘सैर’चं ते भावंड. तेव्हा बातमीचा अर्थ ‘दर चढेच आहेत’ असा. इंग्रजीत इथे ‘प्राइसेस आर रनिंग हाय’ म्हणतील. त्याच बातम्यांत ‘युक्सेल्दी’ म्हणजे दर वाढला आणि ‘गेरिलेदी’ म्हणजे दर मागे आला. हे तीन शब्द ओळखता आले तर भाषांतराचं यंत्र न लावताही बातमीचा कल समजतो.

इझ्मिरची शेतमाल बाजारपेठ, ‘इझ्मिर तिजारेत बोर्सासऽ’, १८९१ पासून आहे. तिथे बेदाण्याला ‘कुरु उझुम’ म्हणतात, म्हणजे कोरडी द्राक्षं, आणि दर बहुधा ‘दोकुझ नुमारा’ म्हणजे ९ नंबरच्या प्रतीचा सांगतात. ‘सुल्तानि चेकिर्देक्सिझ’ असं दिसलं तर दचकू नका. ‘चेकिर्देक्सिझ’ म्हणजे बिनबियांची, आणि मनिसा–इझ्मिर भागातली ही सुलताना जात म्हणजे आपल्याकडची थॉमसनच. त्यांचा हंगाम ऑगस्ट–सप्टेंबरचा, आपला फेब्रुवारी ते एप्रिलचा. त्यामुळे त्यांच्याकडे नवा माल येतो तेव्हा आपला बराचसा शीतगृहात असतो. दराच्या त्या बातम्या अचूक कळण्याला म्हणून किंमत आहे.

स्टॉकबद्दल तुर्कीत तीन पायऱ्या ठेवा. ‘स्तोक्लारमझ आझालयोर’ म्हणजे आमचा साठा कमी होतोय. ‘तुकेन्मेक उझेरे’ म्हणजे संपत आलाय, ऑर्डर द्यायची तर आता द्या. ‘तुकेन्दी’ म्हणजे संपला. ‘बित्ती’ही संपल्यालाच म्हणतात, पण ते घरगुती बोलण्यातलं, व्यापारी पत्रात ‘तुकेन्दी’ बरं. ‘रनिंग लो’साठी मोबाइलनं ‘कोशुयोर’ किंवा ‘आल्चाक’ असं काही दिलं तर पाठवू नका. ‘आल्चाक’ म्हणजे बुटका, ठेंगणा, आणि माणसाला म्हटलं तर शिवी.

‘आमचा दर १५ सप्टेंबरपर्यंत’ हे इंग्रजीत ‘द ऑफर रन्स टिल’ होतं. तुर्कीत ‘लागू आहे’ असं म्हणतात : ‘तेक्लिफिमिझ ओन बेश एय्लुले कादार गेचेर्लिदिर’. त्यांच्या उत्तरात ‘शार्त कोशुयोरुझ’ आलं तर ते अट घालताहेत, कुठे पळत नाहीत. आणि ‘फाकात’ हा शब्द आपल्या ‘फक्त’सारखा दिसला तरी त्याचा अर्थ ‘पण’ असा आहे. ‘फाकात’च्या पुढचा मजकूर नीट वाचावा, नकार बहुतेक वेळा तिथेच असतो.

प्रश्न : रुग्णालयात कधीतरी तुर्की बोलणारे रुग्ण येतात. ‘रनिंग नोज’, ‘रनिंग टेम्परेचर’ यासाठी दोन-चार वाक्यं द्याल का? (परिचारिका, मिरज)

उत्तर : नाक वाहतंय का? : ‘बुर्नुनुझ आकयोर मु?’ ताप आहे का? : ‘आतेशिनिझ वार मऽ?’ यात ‘आतेश’ म्हणजे आग, आतषबाजीतला आतश. ‘वार’ म्हणजे आहे. इंग्रजीत ताप ‘रन’ होतो. तुर्कीत आणि मराठीत तो नुसता असतो. जुलाब होतात का? : ‘इस्हालिनिझ वार मऽ?’ घरात कुणाला मधुमेह आहे का, म्हणजे ‘डझ इट रन इन द फॅमिली’ : ‘आइलेनिझ्दे शेकेर वार मऽ?’ आपण ‘घरात शुगर आहे का’ विचारतो तसंच. ‘वुइ विल रन अ ब्लड टेस्ट’साठी ‘कान ताहलिली यापाजाअझ’. ‘कान’ म्हणजे रक्त. ही सगळी वाक्यं ‘तुम्ही’ धरून आहेत. लहान मुलाला विचारताना ‘बुर्नुन आकयोर मु?’, ‘आतेशिन वार मऽ?’ असं म्हणावं.

प्रश्न : कापडाच्या लेबलवर ‘कलर मे रन’ असतं. त्याचं तुर्की? (यंत्रमागधारक, विटा)

उत्तर : ‘बोयासऽ चकाबिलिर’, म्हणजे रंग निघू शकतो. पहिल्या धुण्याला पाण्यात रंग सुटतो, त्याला हे लागू. उन्हानं किंवा वापरानं रंग फिका पडला तर ते वेगळं, त्याला ‘सोल्माक’ म्हणतात. फूल कोमेजण्यालाही तेच. तक्रार आली तर गिऱ्हाईकानं यातलं कोणतं क्रियापद वापरलंय ते आधी पाहा. पहिल्यात रंग पक्का झालेला नाही किंवा नंतरची धुलाई अपुरी पडली, आणि दुसऱ्यात रंगाला ऊन सोसत नाही. दोन्हींवरचा उपाय वेगळा.

प्रश्न : ‘चालणे’वरून ‘चालवणे’, ‘संपणे’वरून ‘संपवणे’ अशी प्रयोजक रूपं तुर्कीत कशी करायची? नियम आहे का? (पलूस)

उत्तर : आहे, आणि ‘रन’साठी त्याच्याशिवाय गत्यंतर नाही, कारण इंग्रजीत ‘द मोटर रन्स’ आणि ‘रन द मोटर’ यांत एकच रूप असतं. तुर्कीत धातू एकाहून जास्त अवयवांचा, म्हणजे एकाहून जास्त स्वरांचा असेल आणि शेवटी स्वर, ‘र’ किंवा ‘ल’ असेल, तर फक्त ‘त’ लागतो : ‘कुरुमाक’ सुकणं, ‘कुरुत्माक’ सुकवणं, ‘आझाल्माक’ कमी होणं, ‘आझाल्त्माक’ कमी करणं. बाकी बहुतेक धातूंना ‘दर, दिर, दुर’ यांपैकी स्वराला जुळेल तो. आधी श, च, त, क, प, स असं कठोर व्यंजन असेल तर ‘द’चा ‘त’ होतो. म्हणून ‘चालश्तर्माक’, ‘कोश्तुर्माक’.

पाठच करावे लागतील असे काही एकावयवी धातू आहेत आणि नेमके तेच रोज लागतात : ‘बित्मेक’चं ‘बितिर्मेक’ (संपवणं), ‘गेच्मेक’चं ‘गेचिर्मेक’, ‘आक्माक’चं ‘आकत्माक’ (वाहू देणं), ‘चक्माक’चं ‘चकार्माक’ (बाहेर काढणं), ‘काच्माक’चं ‘काचर्माक’. हे शेवटचं म्हणजे अगदी आपलं ‘पळवणे’ : कुणाला पळवून नेणं. पण बस चुकली तरी तेच म्हणतात : ‘ओतोबुसु काचर्दम’. आणि ‘कोश्तुर्माक’ म्हणजे दुसऱ्याला पळवणं, तसंच स्वतः धावपळ करणंही. ‘दिवसभर नुसती धावपळ’ याला तुर्की माणूस ‘बुतुन गुन कोश्तुर्दुम’ म्हणतो.

दुकान चालवण्याच्या ‘इश्लेत्मेक’ला एक पदर आहे. बोलीत त्याचा अर्थ फिरकी घेणं असाही होतो. ‘इश्लेत्मे’ हे नाम म्हणून आलं तर उद्योग, व्यवसाय. आज्ञा म्हणून आलं तर ‘फिरकी घेऊ नकोस’. लिहिताना दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे संदर्भ पाहावा.

प्रश्न : निवडणुकीला ‘रन’, मित्राला ‘रन इनटू’, गाडीनं ‘रन ओव्हर’. थोडक्यात सांगा. (शिक्षक, सांगली)

उत्तर : निवडणुकीला उभं राहणं म्हणजे ‘आदाय ओल्माक’, उमेदवार होणं. मित्र अचानक भेटणं म्हणजे ‘रास्तलामाक’. ज्याला भेटलो त्याला चतुर्थी लागते : ‘आर्कादाशमा रास्तलादम’. कुत्रं गाडीखाली आलं म्हणजे ‘कोपेक आराबानन आल्तन्दा काल्दऽ’, शब्दशः ‘गाडीखाली राहिलं’. बस दर अर्ध्या तासाला आहे, यासाठी ‘ओतोबुस यारम साअत्ते बिर काल्कयोर’. सुटते ते ‘काल्क्माक’. बसला चाकं असली तरी वेळापत्रकात ती ‘कोशुयोर’ होत नाही.

प्रश्न : यंत्रानं केलेलं भाषांतर तुर्की न येणाऱ्या माणसानं कसं तपासावं? उलटं इंग्रजीत करून पाहिलं तर पुरे का? (सांगली)

उत्तर : पुरत नाही. यंत्रानं ‘रन’चं ‘कोश्माक’ केलं असेल तर उलट करताना ‘कोश्माक’चं पुन्हा ‘रन’च होतं, आणि चूक झाकली जाते. मराठीत उलटवून पाहा. ‘यंत्र पळत आहे’ असं आलं की चूक उघडी पडते.

त्यानंतर तुर्की क्रियापद मूळ रूपात, म्हणजे ‘माक’ किंवा ‘मेक’ लावून, तुर्की भाषा संस्थेच्या मोफत ऑनलाइन कोशात शोधा. ही संस्था १९३२ ला स्थापन झाली. कोश तुर्की–तुर्की आहे, पण प्रत्येक अर्थासोबत बहुधा उदाहरणाचं वाक्य असतं. ते वाक्य यंत्रात घालून मराठीत वाचलं तरी चालतं. त्याच कोशात क्रियापद कोणती विभक्ती घेतं हेही दिलेलं असतं. ‘काच्माक’ला ‘पासून’ची विभक्ती लागते, ‘रास्तलामाक’ला चतुर्थी, ‘चालश्तर्माक’ला द्वितीया. तुमच्या वाक्यात कर्माच्या शेवटी भलतीच विभक्ती दिसली तर क्रियापद चुकलं किंवा अर्थ तरी दुसराच झाला.

तिसरी तपासणी शोधयंत्रातली. ‘पोम्पायऽ सुसुझ चालश्तर्मायन’सारखी संशयित शब्दजोडी अवतरणचिन्हांत घालून शोधा आणि ती तुर्कस्तानातल्या कारखान्यांच्या, दुकानांच्या पानांवर येते का ते पाहा. फक्त भाषांतरित पानांवरच दिसली तर ती सोडा. अवतरणात टाइप करताना बिनठिपक्याचा आय वापरा. त्यासाठी विंडोजमध्ये ‘तुर्की क्यू’ कीबोर्ड जोडला की काम होतं. तो बराचसा नेहमीच्या कीबोर्डासारखा असतो, पण आयच्या जागी बिनठिपक्याचा आय येतो आणि ठिपक्याचा उजवीकडे अवतरणचिन्हाच्या कळीवर जातो.